पारवेंची चौकशी

“एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट…”

“ताई, एक विचारू?”

माझ्या हातातला चिमटा तिथंच थांबला. समोर ओल्या कागदावर बाजरीची रोपं पसरलेली. त्यातलं त्रेसष्टावं कुठलं आणि चौसष्टावं कुठलं, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

“विचारा,” मी म्हणाले.

“आज बुधवारच ना?”

“बुधवार.”

“तेच म्हटलं,” पारवे म्हणाला, आणि पुन्हा गुणगुणायला लागला.

मी रोपं पहिल्यापासून मोजायला घेतली. तिसऱ्यांदा.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मी तेव्हा कामाला होते. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना काचेच्या नळ्या आणि धूर आठवतो, आमच्याकडे तसलं काही नव्हतं. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे, सात-आठ दिवसांनी गुंडाळी उलगडायची आणि किती दाणे नीट उगवले, किती वेडेवाकडे निघाले, किती कुजले ते मोजायचं. अशा चार गुंडाळ्यांचा एक नमुना, आणि दिवसाला बारा-पंधरा नमुने. काम सोपं आहे, फक्त मोजताना मधे कुणी बोलू नये एवढीच त्याची अट.

आणि माझ्या शेजारी विश्वंभर पारवे बसायचा.

टेबलाला टेबल चिकटून. चार वर्षं. हा माणूस सकाळी खुर्चीत टेकला की गुणगुणायला लागायचा. गाणं असतं तर मी सोसलं असतं, पण ते कुठलंच गाणं नव्हतं, नुसता एक सूर, वर जायचा आणि मधेच लोंबकळत राहायचा. माझं पेन उचलायचा आणि टोपण चावून परत द्यायचा, द्यायचाच असला तर. जेवणाच्या सुट्टीत माझ्या आधी माझ्या डब्याचं झाकण उघडून वास घ्यायचा. “मेथी वाटतं आज.” नखं कापायला त्याला नमुन्यांची कात्रीच लागायची, आणि तीही भर कामाच्या वेळेत, टेबलावर कागद पसरून. आणि ते “ताई, एक विचारू?” तर विचारू नका. विचारायचा काय, तर वार कोणता, बाहेर ऊन आहे का, हळद लावून ठेवलेली बाजरी किती दिवस टिकते.

मी काही गरीब गाय नव्हते. आमच्या गल्लीत बोराडेबाई म्हणजे तोंडाची फटकळ, हे नळाला पाणी आणायला येणाऱ्या पोरींनासुद्धा ठाऊक होतं. पण पारवेला मी चार वर्षांत अवाक्षर बोलले नव्हते. म्हटलं, शेजारचा माणूस, रोज तोंडाला तोंड. एकदा बोललं की वाईटपणा आला, आणि तो वाईटपणा मग आठ तास उशाशी घेऊन बसावं लागतं. त्यापेक्षा दात-ओठ खाऊन गप्प बसलेलं बरं.

त्या आठवड्यात पारवेचं गुणगुणणं जरा जास्तच वाढलं होतं, आणि त्याला कारण होतं. त्याचं लग्न जमत आलं होतं. वय छत्तीस. आधी दोन स्थळं चौकशीपर्यंत येऊन परत गेलेली. आता अंबडची एक मुलगी, रत्नप्रभा नावाची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय एकतीस. तिला वडील नव्हते. मामा सगळं बघत होते, गणपतराव वाघुंडे म्हणून. मुलीनं पारवेला पाहिला होता, नापसंत केला नव्हता. आता मामा फक्त चौकशी करून मग काय ते कळवणार होते. ही सगळी हकीकत सगळ्या ऑफिसला पाठ होती, कारण पारवेच्या तोंडात तीळ भिजत नसे.

सोमवारीच तो माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला होता, “ताई, या आठवड्यात कुणीतरी येईल बघा चौकशीला. तसं सांगून येत नाहीत लोक. पण आलंच कुणी, तर दोन शब्द बरे बोला. तुम्ही शेजारी बसता. तुमचंच खरं मानणार.”

“बोलेन की,” मी म्हणाले होते.

तर तो बुधवार. तिसऱ्यांदा मोजून मी आकडा लिहिला आणि कागद आत पाठवला. दहा मिनिटांत कोटगिरेसाहेब स्वतः बाहेर आले. आमचे वरिष्ठ. माणूस सज्जन, पण बोलायचा ते चारचौघांत.

“बोराडेबाई, या नमुन्याला सकाळी तुम्ही एक्याऐंशी लिहिलेत, आता चौऱ्याऐंशी. एका कागदाचे दोन आकडे? तुम्ही मोजता की अदमास बांधता?”

पलीकडच्या दोघी पोरींनी खाली माना घातल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी पारवेकडे पाहिलं. तो कान खाजवत होता, माझ्याच पेनानं.

“पुन्हा मोजते साहेब,” मी म्हणाले. दुसरं म्हणणार काय.

थोड्या वेळानं पारवे नमुने आणायला गोदामात गेला. मी चौथ्यांदा मोजायला बसले, तर दारात एक म्हातारे गृहस्थ उभे. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, हातात रुमालाची गाठ.

“येऊ का बाई?”

“या. काय काम आहे?”

त्यांनी माझ्या टेबलाशी येऊन रुमाल सोडला. आत मूठभर तूर. “हे एवढं तपासून मिळेल का? उगवेल का नाही, बघायचं होतं.”

“बाहेरचे नमुने आम्ही घेत नाही, बाबा. सरकारी प्रयोगशाळेत जा.”

“असं का,” ते म्हणाले. पण गेले नाहीत. पारवेच्या खुर्चीत बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “उन्हाचा आलो. पाचेक मिनिटं टेकतो. इथं कुणी बसतं का?”

“पारवे बसतात.”

“बरा आहे का माणूस?”

मी चिमटा खाली ठेवला.

“बाबा,” मी म्हणाले, “तुम्हाला म्हणून सांगते.”

आणि मी सुरू झाले. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, ते त्या दिवशी माझं झालं. गुणगुणणं सांगितलं, तो सूर काढून दाखवला. पेनं सांगितली. डबा सांगितला, नखं सांगितली. वीस-वीस वेळा तेच विचारणं सांगितलं. आज साहेबांनी चारचौघांत माझी कशी बिनपाण्यानं केली आणि ती कुणापायी, तेही सांगितलं. ते गृहस्थ मधेमधे फक्त “बरं” म्हणत होते, आणि मी थांबले की “अजून?” असं विचारत होते. अर्धा तास गेला असेल. चार वर्षांचं साठलेलं असं भडाभडा बाहेर पडत होतं आणि मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

“घरी कोण असतं त्यांच्या?” त्यांनी विचारलं.

“मला काय माहीत. मी कशाला विचारते.”

“बरं.”

“आठ तास शेजारी काढायचे म्हणजे माझ्या नाकी नऊ येतात,” मी म्हणाले. “जन्म काढायची पाळी आली जिच्यावर, तिची तर कीवच येते मला.”

त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली. टोपी घातली. “येतो बाई. बरं झालं बसलो,” म्हणाले आणि गेले.

पारवे नमुन्यांची पेटी घेऊन आला तेव्हा खुर्ची अजून तिरकीच होती. त्यानं ती सरळ केली आणि बसला.

“ताई, एक विचारू? कुणी आलं होतं का?”

“नाही,” मी म्हणाले. माझं मलाच कळलं नाही, इतकं पटकन म्हणाले.

त्या रात्री माझ्या हातून आमटीत दोनदा मीठ पडलं. ह्यांनी एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघत राहिले. “काय झालं?” “काही नाही.” मग जेवताना, भांडी घासताना, अंथरुणावर पडल्यावर मी मनाशी हुज्जत घालत होते. कोण होते कुणाला माहीत. शेतकरी असेल. दाणे घेऊन आला होता की. माणसानं विचारलं, मी सांगितलं, त्यात एक अक्षर खोटं होतं का? नव्हतं. मग झोप का येत नाही? शेवटी उठून मी पाणी प्याले आणि ओट्यापाशी उगीच उभी राहिले.

गुरुवारी पारवेनं टेबल पुसून काढलं. दर अर्ध्या तासानं फोनपाशी जाऊन यायचा. फोन साहेबांच्या खोलीबाहेर होता. वाजला की पारवेच उचलायचा, आणि दुसऱ्याच कुणाचा निघाला की “देतो हं” म्हणून हाक मारायचा. शुक्रवारी तेच. शुक्रवारी त्यानं दाढी कोरून घेतली होती. मी खाली मान घालून मोजत होते आणि काही केल्या पन्नासच्या पुढं जात नव्हते, आणि त्या दिवशी तर तो एकदाही मधे बोलला नव्हता.

शनिवारी डबे उघडायच्या वेळेला तो म्हणाला, “नाही आला फोन.”

“येईल. घाई काय आहे.”

“नाही ताई. मागच्या वेळीही असंच झालं. चौकशी झाली आणि पुढं शब्द नाही. निदान नाही म्हणून तरी कळवावं ना माणसानं.” त्यानं डब्यातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. “ताई, एक विचारू? तुम्ही रोज बघता मला. माझ्यात असं काय आहे?”

आता सांगते, माझ्या आयुष्यात इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. चार वर्षांत त्यानं हजार वेळा “एक विचारू?” केलं असेल, पण विचारण्यासारखं हे एकच विचारलं. आणि बुधवारी परक्या माणसाला अर्धा तास जे सांगितलं, त्याचा एक शब्द माझ्या तोंडून निघेना.

“काही नाही हो,” मी म्हणाले. “तुमचं आपलं काहीतरीच.”

रविवारी सकाळी मी ह्यांना सांगितलं, “अंबडला देवीला जाऊन येते,” आणि एसटीत बसले. रस्ताभर काय बोलायचं ते घोकत होते. ठरवलं होतं की पारवेची अशी स्तुती करायची की बुधवारचं सगळं धुऊन निघावं. केलं ते निस्तरायचं आणि मोकळं व्हायचं.

वाघुंडेंचं घर शोधायला वेळ लागला नाही. ओसरीवर तेच गृहस्थ बाजेवर बसून शेंगा फोडत होते. खांबाला टेकून एक बाई पोरांच्या वह्या तपासत बसलेली. मला पाहून गणपतराव उठले.

“या की बाई. रत्ना, यांना पाणी दे. जालन्याच्या त्या बाई, पारवेंच्या शेजारच्या.”

मी पाणी घेतलं आणि श्वास न घेता सुरुवात केली. “मामा, बुधवारी मी जे बोलले ते मनावर घेऊ नका. पारवे म्हणजे सोन्यासारखा माणूस. ऑफिसात एवढा शांत, एवढा व्यवस्थित दुसरा कुणी नाही. कुणाच्या वस्तूला हात लावणार नाही. असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. तुमच्या मुलीनं डोळे मिटून होकार द्यावा.”

गणपतरावांचा शेंगा फोडणारा हात थांबला. ते रत्नप्रभेकडे बघत राहिले आणि रत्नप्रभा माझ्याकडे.

“तुम्हाला पारव्यानं पाठवलं का?” त्यांनी विचारलं. आवाज बुधवारचा नव्हता.

“छे हो. त्यांना तर माहीतसुद्धा नाही.”

“मग आठ कोसांवर रविवारच्या अशा कशा आलात? कुणाच्या सांगण्यावरून?”

“माझी मी आले.”

“बाई,” गणपतराव म्हणाले, “आमचा होकार ठरला होता. गुरुवारीच. अमावास्या मधे आली म्हणून सोमवारी कळवणार होतो.”

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. “होकार?”

“मग. बुधवारी मी घरी आलो आणि रत्नाला म्हटलं, पोरी, या माणसाला चार वर्षं वैतागलेली बाई अर्धा तास त्याची गाऱ्हाणी सांगत होती. मी अजून अजून करून तिला पार गाळून घेतलं. तर निघालं काय? गुणगुणतो, पेनं उचलतो, नखं कापतो. दारू निघाली नाही, बाई निघाली नाही, लबाडी नाही, शिवी नाही. निघायचं असतं तर त्या दिवशी निघालं असतं. याहून चांगला दाखला कोण देणार. वर गावात विचारलं तर कळलं, आई सात वर्षं अंथरुणाला खिळलेली, याच पोरानं हातानं सगळं केलं. म्हणून लग्नाला एवढा उशीर झाला.”

“मला नव्हतं माहीत,” मी म्हणाले.

“शेजारी बसता ना?”

मी ओसरीवरच्या टरफलांकडे पाहिलं.

“आणि आता तुम्ही घरी येऊन सांगता, कुणाच्या वस्तूला हात लावत नाही. सहा वर्षांमागं रत्नाचं एक ठरलं होतं. तेव्हाही मुलाचा एक सोबती असाच घरी आला, सोन्यासारखा म्हणाला. हाच शब्द. साखरपुड्यानंतर कळलं, मुलाची पहिली बायको माहेरी बसवलेली. तेव्हापासून घरी येऊन स्तुती करणाऱ्याची मला धास्ती वाटते. एक सांगा, बुधवारी खोटं बोललात की आज?”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. घरी बसून राहिले असते तर सोमवारी पारवेला फोन गेला असता. मी निस्तरायला आले आणि होतं ते मोडायला बसले. पारवेचं लग्न आता माझ्या पुढच्या वाक्यावर होतं, आणि ते वाक्य माझी अब्रू घेतल्याशिवाय निघणार नव्हतं.

“आज,” मी म्हणाले. “आज खोटं बोलले. बुधवारचं सगळं खरं. त्याच्यात त्याहून वाईट काही नाही. साहेब मला बोलले, म्हणून मी त्याच्यावर राग काढत होते. मग जिवाला लागलं, तुम्ही काही कळवेनात. म्हणून आले झाकायला.”

“अहो, मग असं म्हणा ना,” गणपतरावांनी पुन्हा शेंग उचलली. “आणि त्यात तुमची तरी काय चूक. मी कोण, ते तुम्हाला काय ठाऊक.”

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

इतका वेळ रत्नप्रभा एक शब्द बोलली नव्हती. आता तिनं वही मिटली. “तुम्ही त्यांना कधी सांगितलंत का, की गुणगुणू नका म्हणून?”

“नाही.”

“चार वर्षांत एकदाही नाही?”

“शेजारचा माणूस. तोंडावर सांगणं बरं दिसत नाही.”

ती हसली नाही की रागावली नाही. वर्गात पोरांना ऐकतात तसं तिनं ऐकलं. “माझ्या बहिणीचे मालक गावात देवमाणूस म्हणून प्रसिद्ध आहेत,” ती म्हणाली. “फक्त त्यांची चूक कुणी दाखवायची नाही. दाखवली की ताट भिंतीवर जातं. मला या माणसाचं तेवढंच कळायचं राहिलंय. चूक दाखवली की काय करतात? मामांना ते कोण सांगणार, कुणी दाखवलीच नाही.” मग ती म्हणाली, “तुम्ही सांगा त्यांना. उद्याच. मामांना सांगितलंत ते सगळं, तोंडावर. आणि मग ते काय करतात ते मला खरंखरं कळवा. समोरच्या दुकानात फोन आहे. मी थांबते.”

सोमवारी मी ऑफिसात वेळेआधी गेले. पारवे आला, बसला, गुणगुणायला लागला. मी गुंडाळी उलगडलीच नाही.

“पारवे, मला तुमच्याशी बोलायचंय.”

“बोला ना ताई.”

“तुम्ही गुणगुणता. दिवसभर. मला मोजता येत नाही.”

तो थट्टा समजून हसला. माझ्याकडे नीट पाहिल्यावर त्याचं हसू गेलं. “रोज?”

“रोज. आणि मी मोजत असताना मधे विचारता. बुधवारी मला साहेबांची बोलणी बसली ती त्यानं.”

त्यानं दोन्ही हात टेबलाखाली घेतले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी वाट बघत होते, आता काहीतरी म्हणेल, तुम्ही तरी काय मोठ्या शहाण्या, असं काहीतरी. तो म्हणाला, “अजून?”

“डब्याचं झाकण. मला आवडत नाही.”

“बरं. अजून?”

“नखं. पेनं.”

त्यानं ड्रॉवर ओढला. आत सात पेनं होती, सगळ्यांची टोपणं चावलेली. एकेक टेबलावर मांडलं. “यातली तुमची कुठली?” मी पाच उचलली. “आधी का नाही सांगितलंत ताई?” तो म्हणाला. खरंच विचारत होता. “मला आपलं वाटायचं, तुम्ही काही बोलत नाही म्हणजे चालतंय.”

मग मी बाकीचं सांगितलं. अंबडचे मामा बुधवारीच येऊन गेले. तुम्ही गोदामात होतात. हे सगळं मी त्यांना सांगितलं.

“पण तुम्ही तर म्हणालात, कुणी आलं नाही.”

“खोटं बोलले.”

तो एकदम काळवंडला. मी घाईघाईनं पुढचं सांगून टाकलं. काल अंबडला गेले, त्यांचा होकार ठरलेला आहे, रत्नप्रभेनंच मला हे तोंडावर सांगायला लावलंय, तुम्ही चिडला नाहीत हे मी तिला आज कळवणार आहे. ऐकता ऐकता त्याचा चेहरा असा काही मोकळा होत गेला की मला त्याच्याकडे बघवेना. त्यानं हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसले आणि हसला.

“मग झालं की. घोडं गंगेत न्हालं. तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता, ताई? तुम्हाला काय ठाऊक ते कोण होते. शेतकरी समजून बोललात.”

गणपतरावही हेच म्हणाले होते. घरी रात्रभर मीही हेच म्हणत होते. नुसती मान हलवली असती तरी विषय संपला असता, तो पुन्हा कधी निघाला नसता. पण समोर ती पाच पेनं होती, आणि सात वर्षं आईचं केलेला तो माणूस मलाच समजावत होता. माझ्याच्यानं मान हलवेना.

“ठाऊक होतं,” मी म्हणाले.

“काय?”

“ते कोण आहेत ते. त्यांनी रुमालातली तूर दाखवली तेव्हाच. आपल्याकडे बाहेरचा माणूस कधी नमुना घेऊन येतो का?”

पलीकडे पोरींच्या चिमट्यांचा आवाज येत होता.

“म्हणजे मोडावं म्हणून बोललात?” त्यानं विचारलं. चढ्या आवाजात नाही. आजचा वार विचारावा तसं.

“त्या वेळी, हो.”

“बरं,” पारवे म्हणाला. आपली गुंडाळी पुढं ओढली, उलगडली आणि मोजायला लागला.

संध्याकाळी मी एसटीडीवरून अंबडला फोन लावला. दुकानदारानं हाक मारली, रत्नप्रभा आली.

“चिडले?”

“नाही.”

“मग काय केलं?”

“अजून काय ते सांगा, म्हणाले. आणि पेनं परत दिली.”

तिकडून तिचं हसू ऐकू आलं. “मामांना सांगते, कळवून टाका म्हणून.” मी तिला सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. सगळंही नव्हतं.

लग्न ठरलं, पुढच्याच महिन्यात. पारवेनं मला कधी टोचून काही म्हटलं नाही. नमस्कार करायचा, चहा आला की माझा कप माझ्यापुढं सरकवायचा. गुणगुणणं बंद झालं ते झालंच. मी रोज शंभरपर्यंत एका दमात जायचे, कोटगिरेसाहेबांनी एकदा चारचौघांत माझं कौतुकही केलं. चार वर्षं ज्या शांततेसाठी तडफडले ती मिळाली, आणि खुर्चीत मिनिटभर स्वस्थ बसवत नव्हतं मला. मीच मधे काहीतरी विचारायचे. तो उत्तर द्यायचा, विचारलं तेवढंच.

पत्रिका छापून आल्या त्या दिवशी तो जरा लवकर आला. सोबत अक्षतांचा डबा. आधी साहेबांना दिली, मग पोरींना, मग गेटवरच्या पहारेकऱ्याला, प्रत्येकाला हातात पत्रिका, वर अक्षता, “घरच्या सगळ्यांना घेऊन या.” मी चिमटा खाली ठेवून, पदर सारखा करून बसले होते. तो जागेवर येऊन बसला, डबा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कामाला लागला. मला वाटलं, शेजारी म्हणून शेवटी देत असेल. संध्याकाळी देईल. उद्या देईल.

तीन दिवसांनी मी घरी पोचले तर ह्यांनी एक लिफाफा पुढं केला. “पोस्टमन देऊन गेला.” पारवेचंच अक्षर. सौ. व श्री. बोराडे, खाली गल्ली, घर नंबर, पिनकोड, सगळं नीट. आत पत्रिका, तिच्या कोपऱ्याला हळदकुंकू. निमंत्रणात उणं काढायला कुठं जागा नव्हती. ते तीन दिवस आम्ही दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर बसून बाजरी मोजत होतो, आणि त्यानं माझी पत्रिका तिकीट लावून पोस्टात टाकली होती.